दोन इंच फोम : मास्तर मंत्री झाले, पण मतदारसंघाला काय मिळालं?

परळचा_पाव्हणा

२०२४ साली प्रा. मधु दंडवत्यांची जन्मशताब्दी येऊन गेली. आपल्या कट्ट्यावर त्या वर्षी मिसळीवर तीन धागे निघाले, दंडवत्यांवर एकही नाही. म्हणून उशिरा का होईना, हा धागा.

ज्यांना नाव फक्त ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूटमधून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. मग बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात बरीच वर्षं भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी बेचाळीसची चळवळ, नंतर १९५५ चा गोव्याचा सत्याग्रह. पक्ष प्रजा समाजवादी. बॅ. नाथ पै १९७१ च्या जानेवारीत अचानक गेले आणि राजापूरची जागा मोकळी झाली. तिथे दंडवते उभे राहिले. इंदिराबाईंच्या लाटेत महाराष्ट्रात विरोधकांचा पार धुव्वा उडाला, हा नगरचा माणूस मात्र तळकोकणातून निवडून आला. ती धरून सलग पाच वेळा.

१९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. १९८९-९० मध्ये अर्थमंत्री.

मला बोलायचंय ते रेल्वेमंत्रिपदाबद्दल, कारण तिथे मास्तर दिसतो. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला लाकडी फळ्या होत्या. रात्रभर फळीवर पडून सकाळी पाठ धरून उतरायचं. या माणसाने काय केलं, तर फळीवर दोन इंच फोम टाकला. पहिल्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही, दुसऱ्याला वर उचललं. समाजवाद म्हणजे काय यावर तासभर व्याख्यान देणारे आपल्याकडे ढिगाने होते. तो इंचात मोजून दाखवणारा मला तरी दुसरा आठवत नाही.

आता अडचणीचा भाग. ज्या कोकणाने त्यांना दिल्लीला पाठवलं, त्याला त्या अडीचेक वर्षांत काय मिळालं? आपटा ते रोहा या मार्गाला मंजुरी. रोहा रायगडात. राजापूर मतदारसंघाची हद्द तिथून शेकडो किलोमीटर लांब! म्हणजे रेल्वेमंत्री आमचा, आणि रूळ आमच्या मतदारसंघाच्या शिवेलाही शिवले नाहीत. हा मोठेपणा म्हणायचा की राजकारणातला कच्चेपणा? मला अजून ठरवता आलेलं नाही. बोला.

लोकलमित्र

धाग्याचं शीर्षक वाचून वाटलं मनोहर जोशी सरांवर आहे. मुंबईत 'मास्तर ते मंत्री' म्हटलं की आधी तेच डोळ्यासमोर येतात. कोहिनूर क्लासेस, महापौर, ९५ ला मुख्यमंत्री, वाजपेयींकडे अवजड उद्योग, मग लोकसभेचे अध्यक्ष.

परळचा_पाव्हणा

@लोकलमित्र, जोशी सरांवर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण ते क्लासेस धंदा म्हणून चालवणारे होते आणि त्यात उत्तम होते. दंडवते पगारी प्राध्यापक. दोन वेगळ्या जाती आहेत मास्तरांच्या.

सुमेधा_दादर

फळ्यांच्या बाबतीत एक भर घालते. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला असं आपण अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात डब्यावरचा आकडा बदलला. तिसऱ्याचा दुसरा झाला, आतली फळी तीच राहिली. माझी आई सांगायची, 'पाटी बदलली गं, पाठ तीच दुखायची.' तीन वर्षांनी दंडवत्यांनी फळीलाच हात घातला, म्हणून त्याचं महत्त्व.

आणि गीतांजली एक्सप्रेस विसरू नका. २६ डिसेंबर १९७७. मुंबई व्हीटी ते हावडा, एकही वरचा वर्ग नसलेली लांब पल्ल्याची गाडी. सगळे डबे एकाच दर्जाचे आणि बर्थवर गादी. आज त्याच गीतांजलीला एसीचे डबे लागतात ते सोडा.

अर्थशून्य

फोम छान. पण जवळजवळ पन्नास वर्षांनी एका मंत्र्याबद्दल सांगण्यासारखं आपल्याकडे गादी हेच असेल तर तो त्यांचा गौरव आहे की आपलं दारिद्र्य?

गिरगावकर_भाऊ

@अर्थशून्य, आपण बहुतेक जन्मापासून थ्री टायर एसीत. माझं लहानपण भुसावळ पॅसेंजरच्या फळीवर गेलंय. गादीला हसू नका.

शिवाय गादी हे एकच काम नव्हे. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वे संप झाला, जॉर्ज फर्नांडिस नेते. वीस दिवस चालला, मोडून काढला, हजारो कामगार बडतर्फ. आमच्या चाळीत माझे मामा त्यातले. तीन वर्षं ते भुलेश्वरात एका कापड दुकानात हिशेब लिहीत होते. ७७ ला सरकार बदललं आणि दंडवत्यांनी संपातल्या बडतर्फ लोकांना परत घ्यायचा हुकूम काढला. मामा कामावर गेले त्या दिवशी मामीने अख्ख्या मजल्याला शिरा वाटला. आमच्याकडे त्यानंतर मतदान हा चर्चेचा विषयच राहिला नाही, जोवर मामा होते तोवर जनता पक्ष.

मालवणी_मुलूख

पाव्हण्यानू, तुमी ठरवूक नसात तर मी सांगतंय. मोठेपणा. पण तेंका १९९१ त पाडल्यांव ते पण आमीच मां? आता कित्या रडतास?

लोकलमित्र

९१ ला कोण आलं होतं?

मालवणी_मुलूख

काँग्रेसचे सुधीर सावंत. तेच्या आधी ९० त मालवणातसून राणे आमदार झाले. वारो फिरलो होतो. खेळाडू बदलले आणि आमच्या सरांका कळाक नाय. रेल्वेचो नारळ फुटलो होतो, काम सुरू होता, आणि जेणां ती आणली तेकाच घराक धाडलो.

सुमेधा_दादर

८४ मध्ये मात्र टिकले होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात विरोधी खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात आपल्या मुंबईतून डॉ. दत्ता सामंत आणि तिकडून दंडवते. लाटेत टिकले आणि लाट नसताना पडले.

संपादक_मंडळ

धागा 'राजकारण' विभागात हलवला आहे. सध्याच्या पक्षांवरचे प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

अर्थशून्य

'जेणां ती आणली' या वाक्याला माझा आक्षेप आहे. कोकण रेल्वे इंजिनिअर श्रीधरन यांनी बांधली. जॉर्ज रेल्वेमंत्री होते तेव्हा, त्यांनी रेटली. दंडवते रेल्वेमंत्री होते तेव्हा रोह्यापर्यंतच्या मंजुरीच्या पुढे काही झालं नाही, आणि ती गाडीही रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. मग श्रेय कसलं? कोकणातल्या प्रत्येक घरात 'दंडवत्यांनी रेल्वे आणली' म्हणतात, हे भक्तीतून आलेलं आहे.

परळचा_पाव्हणा

हा मुद्दा येणार हे माहीत होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रेल्वेमंत्री असताना अख्खी कोकण रेल्वे का नाही केली? कारण मंत्र्याने मनात आणलं म्हणून नवा मार्ग होत नसे. पैसा योजना आयोगाकडून यायचा आणि आयोगाचं गणित साधं होतं : डोंगर, नद्या, वस्ती विरळ, कारखाने नाहीत, तेव्हा मार्ग परवडत नाही. कोकणात उद्योग नाहीत म्हणून रेल्वे नाही, आणि रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत. नाथ पैंनी हेच लोकसभेत मांडून झालं होतं. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी त्याहून आधीपासून आयुष्य घातलं होतं. म्हणजे मागणी जुनी, अडत होतं पैशाच्या खिडकीवर.

१९८९ च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि योगायोग बघा. रेल्वेत जॉर्ज, मूळचे मंगळूरचे, राजकारण मुंबईच्या कामगारांतलं. अर्थखात्यात दंडवते, राजापूरचे खासदार. योजना आयोगाच्या उपाध्यक्षपदी रामकृष्ण हेगडे, कारवार जिल्ह्यातले. जिथे जिथे फाइल अडायची त्या तिन्ही टेबलांवर या किनाऱ्याशी नातं असलेली माणसं बसली होती. असं आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. १९९० च्या मध्यावर हेगडे पायउतार झाले आणि ती खुर्चीही दंडवत्यांकडे आली.

मग त्यांनी काय केलं? रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून मार्ग बांधायचाच नाही. वेगळं महामंडळ काढायचं. जुलै १९९० मध्ये ते स्थापन झालं. भागभांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकचं १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा बाजारातून, रोखे काढून. रोख्यांवर करसवलत द्यायची तर सही कोणाची लागते? अर्थमंत्र्याची.

श्रीधरन नसते तर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा पूल झाला नसता, शंभर टक्के मान्य. पण मजुरीला पैसेच नसते तर श्रीधरन काय करणार होते?

गिरगावकर_भाऊ

+१. पाव्हण्याने आज सुट्टी टाकलेली दिसते.

अर्थशून्य

तीन टेबलांचा मुद्दा मान्य. निदान अर्धा.

पण मग अर्थमंत्र्याचं बाकीचं प्रगतिपुस्तकही उघडूया ना, सोयीचं पान तेवढं कशाला? १९९० च्या अर्थसंकल्पात दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ करायची योजना आली. बँकांची वसुलीची सवय त्यानंतर बिघडली ती बिघडलीच, हे बँकेतला कुठलाही जुना माणूस सांगेल. वित्तीय तूट फुगलेली होती. ऑगस्टमध्ये सद्दामने कुवेत घेतलं आणि तेल भडकलं. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईतून विमानाने इंग्लंडला पाठवायची वेळ आली. दंडवते सज्जन होते, पण सज्जनपणा हा परकीय चलनाचा साठा नाही.

सुमेधा_दादर

कर्जमाफी ही व्ही. पी. सिंगांच्या आघाडीची निवडणुकीतली घोषणा होती, अर्थमंत्र्याच्या मनातली लहर नव्हे. आणि सोनं गेलं तोवर त्यांना पद सोडून आठ महिने झाले होते, मध्ये यशवंत सिन्हा होऊन गेले. अकरा महिन्यांच्या मंत्र्यावर दहा वर्षांच्या तुटीचं बिल फाडू नका. कर्जमाफीने बँकांना वाईट वळण लागलं, हे मात्र बरोबर आहे. माझे वडील ग्रामीण शाखेत होते, तेही हेच म्हणायचे.

झवेरी_बाजार_ते_ठाणे

सोन्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातलं सांगतो. नियमित वाचक, क्वचित लिहितो.

१९६३ साली मोरारजींनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. आमचे आजोबा कारागीर. चौदा कॅरेटवर आमच्याकडचं काम बसतच नाही, नथीची तार ओढायला गेलं की कडक लागते. सोनारांची घरंच्या घरं बसली, काहींनी जीव दिले. पुढे चौदाची अट ढिली झाली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा राहिला : परवाने, वह्या, तपासनीस. कायद्याने सोन्याची हौस कमी झाली नाही. सोनं समुद्रातून यायला लागलं आणि त्यावर या मुंबईत कोण कोण मोठं झालं ते सर्वांना माहीत आहे.

हा कायदा दंडवत्यांनी १९९० मध्ये मोडीत काढला. त्या अर्थसंकल्पाबद्दल कोणीही काहीही म्हणो, आमच्या गल्लीत त्या रात्री बत्त्या उशिरापर्यंत होत्या. गंमत म्हणजे मोरारजींच्याच मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री होते.

अर्थशून्य

हे माहीत नव्हतं. उदारीकरण ९१ च्या जुलैत सुरू झालं असंच आपण धरून चालतो. समाजवादी मंत्र्याने एक परवाना-कायदा आधीच रद्द केला होता हे कुणी सांगत नाही, समाजवादीही नाहीत.

चकली_स्पेशल

वाचतेय. प्रमिलाताईंबद्दल कुणीतरी लिहा ना. सगळा धागा 'अहों'चाच चाललाय.

सुमेधा_दादर

@चकली_स्पेशल, बरोबर टोचलंत.

प्रमिला दंडवते, मूळच्या करंदीकर. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्या : महागाईविरोधी आंदोलन, लाटणं मोर्चा. आमच्या आजीने त्यात नेलेलं लाटणं नंतर पोळ्यांना वापरलं नाही, भिंतीला टांगून ठेवलं होतं. महिला दक्षता समितीच्या संस्थापकांत त्या. १९८० साली मुंबई उत्तर मध्यमधून खासदार, म्हणजे ८० ते ८४ नवरा-बायको दोघंही लोकसभेत. हुंडाबंदी कायदा कडक करायला त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं.

आणीबाणीचा किस्सा तर असा की कथेत घातला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. जून १९७५ मध्ये दंडवते, वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र बंगळूरला गेले होते ते पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीच्या बैठकीला. तिथेच २६ जूनला सकाळी अटक. हे बंगळूरच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात. दोघांत पत्रं. तुरुंगाधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जाणारी.

लोकलमित्र

पक्षांतरबंदी! आज त्या बैठकीला कोण जाईल?

(संपादक, हे सध्याच्या पक्षांवर नाही. सर्वच पक्षांवर आहे.)

गिरगावकर_भाऊ

मुंबई उत्तर मध्यची गंमत लक्षात आली का? १९८० ला प्रमिलाताई. १९९९ ला जोशी सर. २००४ ला सरांना पाडणारे एकनाथ गायकवाड. आणि २०२४ ला त्यांची कन्या वर्षा गायकवाड, ज्या राजकारणाआधी सिद्धार्थ कॉलेजात शिकवत होत्या आणि पुढे राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री झाल्या. म्हणजे सिद्धार्थच्या स्टाफरूममधून एक रेल्वेमंत्री आणि एक शिक्षणमंत्री. मतदारसंघाच्या सीमा मध्ये बदलल्या, नाव तेच.

चकली_स्पेशल

प्रा. सदानंद वरदेही घाला यादीत. ७८ च्या पुलोद (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल) सरकारात शिक्षणमंत्री. तेही समाजवादी, तेही प्राध्यापक, तेही मुंबईचे. त्या पिढीत साने गुरुजी आणि राष्ट्र सेवा दलाच्या वाटेने इतके शिक्षक आले की पक्षाची बैठक म्हणजे शिक्षकांची सहविचार सभाच व्हायची. म्हणूनच बहुधा फुटायचेही सारखे. प्रत्येकाला फळ्यासमोर उभं राहायची सवय, बाकावर बसणार कोण?

मालवणी_मुलूख

हाहाहा. ह्या बरा बोललात.

आता पाव्हण्याच्या मूळ प्रश्नाक येतंय, आणि प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे अर्थशून्यांना शब्दकोश लागणार नाही.

माझे वडील गिरणीत होते, लोअर परळला. गावी जायचं म्हणजे त्यांच्या बापाच्या काळात भाऊच्या धक्क्यावरून बोट. त्यांच्या काळात एसटी : रात्रभर वडखळ, महाड, कशेडीचा घाट, सकाळी डोळे लाल. वडिलांनी प्रत्येक वेळी दंडवत्यांना मत दिलं असेल असं धरू नका. चाकरमान्याचं मत बहुतेक वेळा मुंबईतच असायचं! कोकण रेल्वेसाठी सर्वात जास्त ओरडणारा माणूस परळ-लालबागमध्ये राहत होता, आणि त्याचं नाव राजापूरच्या मतदारयादीत नव्हतं. तिथे यादीत होत्या मागे राहिलेल्या बायका, म्हातारे आणि शेती बघणारा एखादा भाऊ. त्यांना रेल्वेपेक्षा पाणी, रस्ता, मुलाला नोकरी हे जवळचं. त्या मनिऑर्डरच्या गावांत नोकरी लावून देणारा पुढारी आणि संसदेत आकडे मांडणारा प्राध्यापक यांच्यात लोक कोणाला निवडणार? सर कुणाच्या मुलाला चिकटवून देणाऱ्यांतले नव्हते.

तेव्हा माझ्या मते कोकण कृतघ्न वगैरे काही नव्हतं. ज्यांच्यासाठी त्यांनी काम केलं ते आणि ज्यांनी मतं द्यायची ते, हे दोन वेगळे लोक होते. एका घरातले, पण वेगळे.

परळचा_पाव्हणा

@मालवणी_मुलूख, हे मला सुचलं नव्हतं. मी मोठेपणा आणि कच्चेपणा यातच अडकलो होतो. मतदारयादीचा मुद्दा दोन्हीला बाजूला सारतो.

फक्त एक जोडतो. मुंबईतल्या मतदारांसाठी हाच हिशेब उलटा फिरला. चाकरमान्यांची मतं मुंबईत ज्या पक्षाकडे गेली, त्याचे कार्यकर्ते गणपतीला गावी आले आणि तो पक्ष गावात रुजला. दंडवत्यांच्या पक्षाला मुंबई-कोकण हा दुवा कधी बांधताच आला नाही. कामगार होता, गिरणी होती, गावही होतं. संघटना नव्हती. भाषणं होती, उत्तम होती.

अर्थशून्य

राजापूरच्याच जागेवरून १९९६ ला सुरेश प्रभू आले आणि २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले (तेव्हा तिथले खासदार नव्हते, ती जागाच पुनर्रचनेत गेली होती). एका मतदारसंघाने दोन रेल्वेमंत्री पाहिले. तरी सावंतवाडीला टर्मिनस नाही.

झवेरी_बाजार_ते_ठाणे

त्या टर्मिनसला दंडवत्यांचं नाव द्यायची मागणी आहे ना?

मालवणी_मुलूख

आसा. भूमिपूजन २०१५ त झाला. नावाक कोणाचो विरोध नाय. पण ज्या माणसाने स्वतःचं शरीर जे.जे.ला देऊन टाकलं, त्याच्या नावाची पाटी आधी आणि फलाट मागाहून, असं होऊ नये. आधी तिथून गाड्या सुटूंदेत.

लोकलमित्र

गणपतीचं आरक्षण कधी उघडतंय, कुणाला माहीत आहे का? विषयांतराबद्दल क्षमस्व.

चकली_स्पेशल

साठ दिवस आधी, सकाळी आठला. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. लॉगिन आधीच करून ठेवा.